पाणी किती वाजता येतं?

खानदेशात पाण्याविषयी एकच प्रश्न असतो: किती वाजता येतं? आमच्या नळाला चौथ्या दिवशी येतं, पाइप फुटला तर सहाव्या, आणि शेजाऱ्यानं मोटार लावून ओढलं तर येऊनही येत नाही. घरातल्या कॅलेंडरवर चतुर्थीला लाल गोल असतो आणि पाण्याच्या दिवसाला निळा. अशा लोकांनी समुद्र बघायला जाणं म्हणजे निर्जळी एकादशीच्या माणसानं रसवंतीत जाऊन बसणं.

कल्पना जिभाऊंची. "दमणले जाऊत. पोरंसोरंसाठे चांगला किनारा शे, बाजूले दगडना धक्का शे." धक्क्याच्या आडोशाला पाणी संथ असतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि ते खरंही आहे. समुद्रात दगडांची रांग घातली की लाटांचा जोर तिच्यावरच फुटतो, नदीच्या मुखाशी गाळ कमी साचतो आणि एका अंगाला वाळू साठून पोरांना खेळायला जागा होते. दुसऱ्या अंगाची वाळू मात्र वाहून जाते. दोन भावांनी बांध घातला की एकाचं शेत वाढतं, तसंच हे.

दिवस मी ठरवला. पौर्णिमा. चांदण्यात समुद्र बघू म्हटलं. कोकणातला माणूस असं कधीच करणार नाही, हे मला नंतर कळलं.

अकरा माणसं आणि एक क्रूझर. फुईनं, म्हणजे माझ्या आत्यानं, दशम्या, कळण्याच्या भाकरी, ठेचा, बिबडे, दोन डझन केळी आणि पाच-पाच लिटरचे पाण्याचे चार कॅन भरले. "समुद्रावरच तर चाललोय, एवढं पाणी कशाला?" असं आमची बायको बोलून गेली. फुईनं तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं तिनं लग्नाच्या वेळी हुंडाही मागितला नव्हता. कोंडाईबारीच्या घाटात दोन पोरं ओकली आणि पहिला कॅन तिथेच संपला. फुई काही बोलली नाही. फक्त रिकामा कॅन बायकोच्या मांडीवर ठेवला.

सकाळी आठला पोचलो. किनारा होता, धक्का होता, शहाळी होती, उंट होता. समुद्र नव्हता. काळपट ओली वाळू आणि चिखल लांबपर्यंत पसरलेला, मच्छीमारांच्या होड्या जेवून लवंडलेल्या वऱ्हाड्यांसारख्या कुशीवर पडलेल्या आणि पार टोकाला चांदीच्या वर्खाएवढी एक रेघ.

"आठे समुंदर कोठे शे रे?" फुईनं विचारलं.

तिच्या पिशवीत खण-नारळ होता. आमची तापी मुलताईहून निघते, सगळा खानदेश ओलांडून 724 किलोमीटर चालते आणि सुरतेजवळ डुमसपाशी समुद्राला मिळते. दमण तिथून चांगलं दक्षिणेला आहे, पण फुईच्या हिशेबी समुद्र एकच, आणि तो तापीचं सासर. "आंडेरना घर रिकामा हाते जातस का कोनी?" लेकीच्या घरी कुणी रिकाम्या हातानं जातं का, असं म्हणून ती आली होती, आणि व्याही घरीच नव्हते.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी जितकं आत येतं तितकंच मागे जातं, आणि खंबायतचं आखात आत आत अरुंद होत जात असल्यामुळे हा फरक तिकडे फारच मोठा पडतो. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ तोंडी सांगतात. मुंबईकडे पंधराव्या तिथीला सव्वाअकरा, वर दमणला त्याहून उशीर. आमच्या ऑफिसातल्या मालवणच्या सहकाऱ्यानं हे मला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. तेच जास्त लागलं.

फुईनं मात्र एका मच्छीमाराला गाठून थेट विचारलं, "भाऊ, पानी किती वाजता येस?"

"एक वागे आवशे, माजी."

तिच्या अहिराणीचं आणि त्याच्या गुजरातीचं लगेच जमलं. तिचं 'शे', त्याचं 'छे'. तिथे कुणालाच कळत नव्हतं ते फक्त माझं प्रमाण मराठी.

"रोज येस?"

"दिवसमां बे वार."

फुई आमच्याकडे वळली. दिवसातून दोनदा! मोटार न लावता! तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं तो भक्तिभाव होता की हेवा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग पाण्याची वाट बघायला आम्ही धक्क्यावर गेलो. लांबून हे दगड गच्चीच्या कठड्यासारखे दिसतात. जवळ गेल्यावर कळतं की एकेक दगड म्हशीएवढा आहे आणि दोन म्हशींच्या मध्ये माणूस मावेल एवढी फट आहे. वर शेवाळ, कडेला कालवांच्या पत्र्यासारख्या धारा. पोरं माकडासारखी टोकाला गेली. आम्ही मोठी माणसं शेतात साप दिसल्यासारखे एकेक पाय टाकत होतो. मधोमध पोचल्यावर फुई बसली आणि तिचा एक शब्द आला: "मन्ही चप्पल!"

चप्पल फटीत. डावी. जिभाऊ पालथे पडले आणि खांद्यापर्यंत हात घालून "लागनी, लागनी" म्हणत राहिले. जे लागलं ते खेकडा होता. छत्रीची दांडी घातली, ती राहिली तिथेच. उंटवाला येऊन बघून गेला. सव्वा तास आम्ही अकरा जण एका फटीभोवती तोंडं खाली करून बसलो होतो, समुद्राकडे पाठ करून. आणि पायाखालच्या दगडांत गुडगुड आवाज झाला, नळाच्या तोटीत पाणी यायच्या आधी होतो तस्साच.

"पानी उनं!" फुई ओरडली.

पुढे जे झालं त्याला विचार म्हणता येणार नाही, ती सवय. बायको रिकामा कॅन घेऊन धावली, जिभाऊंनी पोरांच्या खेळण्यातली बादली उचलली, मी शहाळ्याची करवंटी. तीन मिनिटांत आम्ही अरबी समुद्र भरून घ्यायला सुरुवात केली होती. चप्पल आपोआप तरंगत वर आली. फुईनं तिला हातही लावला नाही. ती कमरेएवढ्या पाण्यात ओटी भरत होती, आणि तिच्यामागे पाच लिटरचा कॅन भरत होता.

चांदणं कुणी पाहिलं नाही. त्या वेळी आम्ही नवापूरजवळ पंक्चर काढत होतो.

पहाटे घरी पोचलो. अंगावर मिठाचा पापुद्रा, वाळू कुठे कुठे ते विचारू नका. धावत जाऊन मोरीतली तोटी फिरवली. सूं झालं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून डोकं काढलं.

"काल आलं होतं, चांगलं तीन तास, फोर्सनं. तुम्ही कुठे गेला होता?"

कॅलेंडरवर पौर्णिमेच्या चौकटीत, माझ्याच हातचा, निळा गोल होता. फुईनं मुकाट्यानं समुद्राचा कॅन मोरीत आणून ठेवला आणि त्यावर झाकण घट्ट बसवलं.