हात हँडलवर आहेत, पण लक्ष कुठे आहे?

पाऊस ओसरला की रायडर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: 'हेल्मेटमध्ये ब्लूटूथ बसवा, फोन खिशात टाका आणि बिनधास्त बोला. हात हँडलवर असतात, त्यामुळे धोका नाही. मागे बसलेल्या माणसाशी बोलण्यासारखंच आहे. कायद्यालाही चालतं. स्पीकर कुठल्याही हेल्मेटमध्ये बसतात, ऐकू आलं नाही तर व्हॉल्यूम वाढवा.'

माझ्या हेल्मेटमध्ये सहा वर्षं ब्लूटूथ आहे आणि ते काढायचा माझा अजिबात विचार नाही. तरीही हा मेसेज वाचला की जीव घाबरा होतो, कारण तो वाचून नवी मुलं दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला निघतात.

'हात हँडलवर, म्हणून धोका नाही.' हे सगळ्यात चुकीचं आणि सगळ्यात जास्त पसरलेलं. १९९७ साली टोरांटोमधल्या ६९९ चालकांचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. सगळ्यांकडे मोबाइल होता आणि सगळ्यांच्या गाड्यांना अपघात झाला होता. कॉल चालू असताना टक्कर होण्याची शक्यता साधारण चौपट निघाली, आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्याचा काहीही फायदा झालेला दिसला नाही. ते चारचाकीवाले होते. आपल्याला तर तोलही सांभाळायचा असतो. पुढे अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात असं दिसलं की हँड्सफ्रीवर बोलणारा चालक रस्त्यालगतच्या पाटीकडे थेट बघतो, तरी नंतर त्याला ती पाटी ओळखता येत नाही.

हे मी स्वतः अनुभवलंय. मुंबई-गोवा हायवेवर संगमेश्वर सोडलं आणि कामाचा फोन आला. हात हँडलवर, स्पीड साठच्या आत, नजर समोर. हातखंब्याला चहाला थांबलो तेव्हा मागून आलेला मित्र हेल्मेट काढता काढताच म्हणाला, "अरे, त्या डायव्हर्जनला केवढी खडी पसरली होती! माझं मागचं चाक सटकलंच होतं. तू कसा काय गेलास?" मला डायव्हर्जनच आठवेना. खाली वाकून बघितलं तर माझ्या मागच्या टायरच्या खाचांमध्ये डांबर लागलेली बारीक खडी रुतून बसली होती. म्हणजे गाडी तिथूनच आली होती. बिल कुठे अडकलंय आणि कोणी सही केली नाही, एवढं मात्र मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. त्या दिवसापासून चालत्या गाडीवर मी कॉल घेतलेला नाही.

'मागे बसलेल्याशी बोलण्यासारखंच.' नाही. मागे बसलेल्याला वळण दिसतं, समोरून येणारा कंटेनर दिसतो. तो आपोआप गप्प होतो, नाहीतर "अरे हळू" म्हणतो. फोनवरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. तुम्ही ओव्हरटेक करत असता आणि तो विचारतो, "हॅलो, ऐकू येतंय ना?" ताशी ८० ला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. त्याला उत्तर द्यायला तेवढा सेकंद लागतोच.

'कायद्याला चालतं.' हे अर्धं खरं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरायच्या फोनचा स्पष्ट उल्लेख आला, आणि हेल्मेटमधलं ब्लूटूथ त्या शब्दांत बसत नाही. पण धोकादायक रीतीने गाडी चालवणं याच कलमात आहे, पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा तुरुंगवासही. लक्ष फोनमध्ये असताना कोणाला उडवलंत, तर हात मोकळे होते हे सांगून सुटका नाही.

'कुठल्याही हेल्मेटमध्ये बसतात.' इथे मला खरोखर राग येतो. ॲक्सेसरीजच्या एका दुकानात मी डोळ्यांनी बघितलं: स्पीकर कानावर टोचतो म्हणून पोऱ्याने आतला थर्माकोल स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला. पांढरे दाणे काउंटरवर सांडले आणि त्याने ते फुंकर मारून उडवले. आपटल्यावर दबून धक्का शोषून घेणारा तोच थर. तो कोरला की तेवढ्या जागी हेल्मेट कमजोर झालं. कानाजवळ स्पीकरसाठी तयार खळगा असलेलं हेल्मेट घ्या. नसेल तर पातळ स्पीकर कापडी अस्तराच्या आत बसतात का ते बघा. तेही नसेल तर त्या हेल्मेटमध्ये बसवूच नका.

'व्हॉल्यूम वाढवा.' ताशी १०० ला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ ला एकच तास. त्यावर आणखी आवाज चढवायचा? बहुतेक वेळा दोष जागेचा असतो. स्पीकर कानाच्या भोकासमोर हवा, बोटभर सरकला तरी आवाज बसतो. आधी हेल्मेट घालून कान कुठे येतो ते हाताने चाचपा, मग वेल्क्रो चिकटवा. स्पीकर कानापासून लांब राहत असेल तर मागे फोमची चकती लावा. लांबच्या प्रवासात मी कानात फोमचे बोळे घालतो. वारा दबतो आणि स्पीकरचा आवाज उलट जास्त स्पष्ट कळतो. सांगूनही कोणाचा विश्वास बसत नाही, एकदा करून बघा.

मग ब्लूटूथ कशाला? रस्ता सांगायला. 'पाचशे मीटरवर डावीकडे' हे कानात आलं की मान खाली घालून स्क्रीन बघावी लागत नाही. २०२० मध्ये नियमांत झालेल्या बदलानेही गाडी चालवताना फोनचा वापर फक्त रस्ता शोधण्यापुरता ठेवलाय, तोही लक्ष विचलित न करता. ग्रुपमधल्या पुढच्या गाडीने "खड्डा, डावीकडून" एवढं ओरडावं, यासाठीही इंटरकॉम, म्हणजे एका हेल्मेटमधून दुसऱ्या हेल्मेटशी थेट बोलायची सोय, लाख मोलाचा.

फक्त बसवल्यावर पहिल्याच दिवशी एक करा: कॉल आपोआप उचलायची सोय बंद करा, आणि फोनमधला गाडी चालवतानाचा मोड चालू करून त्यात 'गाडीवर आहे, थांबलो की फोन करतो' असं उत्तर घालून ठेवा. माझ्या घरच्यांना आता ते पाठ झालंय. चहाला थांबलो की मीच फोन लावतो.