साडेपाच तास ड्रायव्हरने खाल्ले नाहीत

लातूर-नांदेडकडे मोंढ्यातल्या आडतीची, पतसंस्थांची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "मायएसक्यूएलचा कनेक्टर/जे ५.१ सोडू नका. ८ टाकला की वेळ साडेपाच तास सरकते, लॉगिन बंद पडतं, मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. चालतंय ते चालू द्या." मायएसक्यूएल म्हणजे डेटाबेस, आणि जावातला प्रोग्राम त्याला जोडणारा ड्रायव्हर म्हणजे कनेक्टर/जे. त्याचा ५.१ जुना, ८ नवा.

वेळेचं आधी घेऊ, कारण त्यात घडलेलं खरं आहे, फक्त आरोपी भलताच धरलाय. ८.० आला तेव्हा तो सर्व्हरला टाइमझोन विचारायचा. सर्व्हर सांगायचा 'आयएसटी'. आता आयएसटी भारताचा, इस्रायलचा आणि आयर्लंडचाही. म्हणून ड्रायव्हर एरर देऊन जागेवर थांबायचा. एकही नोंद इकडची तिकडे करत नव्हता. मग पोरांनी नेटवरचं पहिलं उत्तर उचललं, कनेक्शनच्या ओळीत सर्व्हरटाइमझोन म्हणून यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) चिकटवलं आणि एरर गेली म्हणून चहाला गेले.

घोळ तिथून सुरू झाला. सर्व्हर भारतीय वेळेवर आणि ड्रायव्हरला सांगितलं यूटीसी. मग जुन्या ड्रायव्हरने संध्याकाळी सातला लिहिलेली सोयाबीनची पट्टी आता रात्री साडेबाराची, म्हणजे दुसऱ्या तारखेची दिसते. उलट आज पहाटे चारला केलेली नोंद टेबलात काल रात्री साडेदहाची पडते. त्याच प्रोग्रामात उघडली तर ती बरोबर दिसते, टेबल थेट दाखवणाऱ्या वर्कबेंचमध्ये पाहिली तर चुकते. रोजमेळ बसत नाही आणि मुनीमजी पोरावर ओरडतात.

यूटीसीच्या जागी एशिया/कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, लिहा. ८.०.२३ पासून तर काही न लिहिताही भागतं, कारण ड्रायव्हर जावाचाच टाइमझोन धरतो. मात्र यूटीसीवर काही दिवस काम झालं असेल, तर त्या दिवसांत प्रोग्रामने लिहिलेल्या वेळा आधी वेगळ्या काढून साडेपाच तास पुढे घ्या. नुसती ओळ बदलली तर आता त्या चुकतील.

लॉगिनचं उलटंच आहे. मायएसक्यूएल ८.० ने २०१८ मध्ये पासवर्ड तपासायची मूळ पद्धत बदलली, आणि ५.१ च्याच जुन्या आवृत्त्यांना ती कळत नाही. नव्या ड्रायव्हरवर 'पब्लिक की रिट्रीव्हल'ची (पासवर्ड झाकायची किल्ली सर्व्हरकडून मागवण्याची) एरर येते ती बहुतेक वेळा जुन्या ओळीत एसएसएल, म्हणजे कनेक्शन गुपित ठेवणारी सोय, बंद करून ठेवल्यामुळे. एसएसएल चालू करा. 'अलाऊ' लिहून की मागवायची परवानगी देणं हा शॉर्टकट आहे, आणि मधे कोणी बसलेला असेल तर पासवर्ड त्याच्या हाती जाऊ शकतो. पतसंस्थेच्या सर्व्हरला हे मी तरी करणार नाही.

प्रश्नचिन्हांचा दावा तर तपासायला अगदी सोपा आहे. नावाच्या कॉलमवर हेक्स फंक्शन चालवा, ते साठवलेले बाइट जसेच्या तसे दाखवतं. ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होणारे तीन-तीन बाइटचे गट दिसले तर नाव शाबूत आहे, बघायची बाजू दुरुस्त करा. नुसतं ३एफ, ३एफ, ३एफ (म्हणजे प्रश्नचिन्हच) दिसलं तर अक्षरं लिहितानाच गेली. कनेक्शन किंवा कॉलम लॅटिन-१ होता, त्यात देवनागरी मावत नाही. गेलेली अक्षरं कुठलाच ड्रायव्हर परत आणत नाही, बॅकअप शोधा. देवनागरीला तीन बाइट पुरतात, त्यामुळे जुन्या यूटीएफ-८ कॉलममध्येही ती नीट बसते. अडतो तो इमोजी, त्याला चार लागतात.

राहिलं "चालतंय ते चालू द्या". तुम्ही हलला नाहीत म्हणून बाकीचे थांबत नाहीत. एप्रिल २०२१ च्या जावा ८ अपडेट २९१ ने टीएलएस १.० आणि १.१ (एसएसएलच्याच जुन्या पद्धती) बंद केले, आणि ५.१ च्या जुन्या आवृत्त्यांवर चालणारी कनेक्शनं काहीही न बदलता तुटली. मायएसक्यूएल ५.७ चा सपोर्टही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. जावाच्या लायब्ररी आणून देणारं मेव्हन वापरत असाल तर आणखी एक: ८.०.३१ पासून ड्रायव्हरचं नाव मायएसक्यूएल-कनेक्टर-जे झालंय. जुन्याच नावावर नवी आवृत्ती शोधणाऱ्याला वाटतं की पुढे काही आलंच नाही.

बदल करायचा तो आवक मंदावल्यावर, डेटाबेसच्या कॉपीवर. पहिली तपासणी संध्याकाळी साडेसहानंतरच्या जुन्या पट्ट्यांची करा, तारीख सरकली असेल तर तिथेच पकडली जाते.