म्हणे एका प्लॉटवर चार घरं आली की परिसराचं रूप बिघडतं!

आज पुन्हा तेच. कोपऱ्यावरचं जुनं विटांचं टुमदार घर पाडलं. आता तिथे तिप्पट मोठा वाडा उभा राहणार, एकाच कुटुंबासाठी. मागचं ओकचं झाडही गेलं. कुणी अवाक्षर काढलं? छे!

पण त्याच जागेत चार कुटुंबं राहतील असं नुसतं म्हणा, की सगळे खडबडून जागे. झाडं, पार्किंग, शाळेतली गर्दी, नाले... सगळ्यांचा कळवळा एकदम दाटून येतो. अहो, पावसाचं पाणी त्या वाड्याच्या छपरावरून वाहत नाही का?

आमच्या आर्लिंग्टन काउंटीने (व्हर्जिनियातली, वॉशिंग्टनहून नदी ओलांडली की आलीच) मार्च २०२३ मध्ये एकमताने एका प्लॉटवर सहापर्यंत घरांना मुभा दिली. तीही पहिली पाच वर्षं वर्षाला जेमतेम ५८ परवाने! तरी प्रकरण कोर्टात. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी नियम रद्द केला, २०२५ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल बाजूला सारला. वकिलांचं तेवढं भलं झालं.

पार्किंगची काळजी मलाही पटते; आमच्या गल्लीत संध्याकाळी गाडी लावणं म्हणजे दिव्यच. मग वाड्यावाल्याच्या तीन गाड्या कशा चालतात?

आणि वर शेजारीणबाई गोड हसून म्हणणार, "घरं हवीतच गं, फक्त इथे नकोत." कान किटले माझे!