किरण लागले म्हणून कांदा किरणोत्सर्गी होत नाही

नागपुरात घरोघरच्या ग्रुपवर एक संदेश फिरतो. 'लासलगावच्या अणुकेंद्रातून येणारा कांदा आणि पाकिटातला मसाला किरणोत्सर्गी असतो. सडका माल तिथे ताजा करतात. त्यातली जीवनसत्त्वं मरतात. आणि अणुकेंद्राचं बियाणं म्हणजे बीटीच.' यातलं फक्त जीवनसत्त्वांचं म्हणणं थोडं खरं आहे.

लासलगावचं हे मालाला किरण देणारं केंद्र 2002 चं. अशा केंद्रात किरण सोडणारा कोबाल्ट-60 स्टीलच्या दुहेरी नळ्यांत सीलबंद असतो आणि काम नसताना पाण्याच्या खोल हौदात बुडवून ठेवतात. मालाच्या पेट्या त्याच्याभोवती फिरून बाहेर येतात. कोबाल्टचा कणही मालाला लागत नाही. लागतात ते फक्त गॅमा किरण, 1.17 आणि 1.33 एमईव्हीचे (एमईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं माप). कांद्यातला कार्बन, नायट्रोजन किंवा ऑक्सिजन किरणोत्सर्गी करायचा तर 10 एमईव्हीच्या वरची ऊर्जा हवी. कोबाल्ट कितीही वेळ समोर ठेवला तरी त्याच्या किरणांची ऊर्जा वाढत नाही. दवाखान्यात स्कॅनसाठी टेक्निशियम-99एम हा किरणोत्सर्गी पदार्थ टोचलेला रुग्ण काही तास किरण सोडतो खरा, पण तिथे पदार्थच शरीरात गेलेला असतो, आणि तोही दर 6 तासांनी निम्मा होतो.

सडका कांदा ताजा करण्याची गोष्ट तर उलटीच आहे. कांद्याला 60 ते 90 ग्रे (मालाने किरणांतून किती ऊर्जा शोषली त्याचं माप) एवढीच मात्रा देतात. तिने आतल्या कोंबाच्या पेशींची वाढ थांबते. सडवणारी बुरशी आणि जिवाणू तेवढ्याने मरत नाहीत. म्हणून कांदा आधी नीट सुकवून, निवडून, सुप्तावस्थेत असतानाच न्यावा लागतो. उशीर झाला आणि आत कोंब धरला, तर तो किरणांनी मरून काळपट पडतो आणि चिरल्यावर मधोमध डाग दिसतो. पुढेही हवेशीर चाळ लागतेच.

मसाल्यातले जंतू मारायचे तर मात्रा 10 किलोग्रेच्या आसपास जाते. सावजी मसाल्यात पडणाऱ्या मिरे-धण्यांचं पोतं गच्च भरलं तर मधल्या मालाला मात्रा कमी पडते आणि जंतू उरतात, म्हणून किती मात्रा मिळाली ते मोजणारे मात्रामापक पोत्याच्या आतही ठेवावे लागतात. 10 किलोग्रे म्हणजे किलोमागे 10 किलोज्यूल; तेवढ्या उष्णतेने लिटरभर पाणी जेमतेम अडीच अंशांनी तापतं. सुगंध टिकतो तो यामुळेच.

जीवनसत्त्वांपैकी क आणि ब-1 काही प्रमाणात घटतात, पण ती शिजवतानाही घटतात. दुधाला आणि तेलकट पदार्थांना किरणांनी खवट वास येतो, म्हणून त्यांना ही पद्धत चालत नाही.

राहिलं बियाणं. टीएयू-1 हा 1985 चा उडीद आणि टीएजी-24 हा भुईमूग. नावातला 'टी' ट्रॉम्बेचा, म्हणजे तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा, 'ए' आपल्या अकोल्याचा. किरण दिले ते यांच्या पूर्वजांच्या बियांना, तेही एकदाच. भुईमुगाला साधारण 200 ते 300 ग्रे देतात. पहिल्या पिढीत बरीच रोपं खुरटतात, वेगळेपण दुसऱ्या पिढीपासून दिसू लागतं. हजारो झाडांतून एखादंच राखायचं, त्याचा संकर करायचा आणि गुण स्थिर होईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या निवड करायची. बीटी कपाशीत जिवाणूचा जीन घातलेला असतो. इथे बाहेरचा जीन कुठलाच नाही. भुईमूग स्वपरागी (स्वतःच्याच परागाने फळणारा) असल्यामुळे टीएजी-24 च्या निवडक शेंगा वावरातूनच राखून पुढच्या हंगामात पेरता येतात.