खुलासा : स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांना निवासी केंद्रात ठेवणे हा गुन्हा नाही

‘आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवल्यास मुलांना तुरुंगवास’ असा संदेश रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरत आहे. तो चुकीचा आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २४ नुसार, कायमचे वाऱ्यावर सोडण्याच्या हेतूने ज्येष्ठांना कुठेही सोडून देणे हा गुन्हा असून त्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खर्च उचलणारी, भेटायला जाणारी मुले त्यात मोडत नाहीत. मध्यरात्री मागील दाराची कडी काढून विहिरीकडे निघालेल्या सासूला आवरताना थकलेल्या सुनेला अशा संदेशाने गुन्हेगार ठरवावे, हे अन्यायाचे आहे. निर्णयानंतरची रुखरुख घरी ठेवणाऱ्यांनाही लागते. केंद्र निवडताना रात्री जागे कोण असते, हे मात्र आवर्जून विचारावे.