धूळ, आंधी आणि दूरचे स्फोट

नमस्कार काका,

जमीन मोजणीत तीस वर्षं घातलेल्या माणसाने शंका काढली, म्हणून सविस्तर लिहितो. सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्यांचे स्फोट किती मंद दिसतात यावरून त्यांचं अंतर आणि विश्वाचा विस्तार मोजतात, असं मी लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की हे स्फोट सगळे सारख्याच तेजाचे हे मी गृहीत धरलं. शिवाय वाटेत धूळ असली तरी तारा मंद दिसणारच, मग मंद म्हणजे लांब कसं?

पहिला मुद्दा मान्य. सुपरनोव्हा म्हणजे 'एकाच वॅटचे दिवे' हे मी लेखात चुकीचं लिहिलं. अंतर मोजायला वापरतात त्या टाइप वन-ए प्रकारच्या स्फोटांच्या तेजात फरक असतोच. पण जो जास्त तेजस्वी, तो हळू मावळतो, हे खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवलं. शिखरानंतर १५ दिवसांत तेज किती उतरलं ते मोजायचं, की मूळ तेजाचा अंदाज बांधता येतो.

आता धूळ. आपल्या ग्वाल्हेरात मे महिन्यात आंधी येऊन गेली की रात्री किल्ल्याकडे बघा. चंद्र चांगला वर आलेला असला तरी तांब्याच्या परातीसारखा दिसतो. बारीक धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, लाल कमी. अवकाशातली धूळही तेच करते. म्हणून स्फोट वेगवेगळ्या रंगांच्या फिल्टरमधून मोजतात. जितका तांबूस, तितकी धूळ, आणि तेवढं तेज हिशेबात परत मिळवायचं. १९९८ मध्ये शास्त्रज्ञांच्या दोन स्वतंत्र गटांना हे सगळं करूनही दूरचे स्फोट अपेक्षेपेक्षा सुमारे २० ते २५ टक्के मंद मिळाले. म्हणजे ते अपेक्षेपेक्षा लांब होते. विश्वाच्या विस्ताराचा वेग वाढतोय, हे त्यावरून निघालं. शोधायला गेले होते तो किती मंदावतोय ते!

सगळे रंग सारखेच अडवणारी धूळ असली तर? हाही प्रश्न तेव्हाच निघाला होता. तशी धूळ असती तर जितकं लांब जाल तितका मंदपणा वाढतच गेला असता. पण हबल दुर्बिणीने १९९७ मध्ये टिपलेला, जवळपास १००० कोटी वर्षं जुना स्फोट त्या हिशेबापेक्षा तेजस्वी निघाला. त्या काळी विस्तार खरोखरच मंदावत होता, त्याच्याशी हे जुळतं.

तुमची शंका खरी लागू पडते ती पायाशी. जवळच्या स्फोटांची अंतरं सेफिड ताऱ्यांवरून, म्हणजे ज्यांचं तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होतं अशा ताऱ्यांवरून ठरतात. मोजणीत पायाभूत रेषा चुकली की पुढचे सगळे त्रिकोण चुकतात, तसंच इथे. या वाटेने विस्ताराचा दर मेगापार्सेकमागे (म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे) सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर येतो, आणि विश्वाच्या आरंभीच्या प्रकाशावरून सुमारे ६७. हा तिढा अजून सुटलेला नाही.

लेखातलं वॅटचं वाक्य आज बदललं आहे.