नाव दिलेले प्रवाळ आणि गुंतवणुकीचा खोटा हिशेब

समुद्री मत्स्यालयाचा छंद असणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. ‘वॉल्ट डिस्ने’ अ‍ॅक्रोपोरा, ‘होली ग्रेल’ टॉर्च, ‘बाउन्स’ मशरूम अशी, प्रकाराच्या नावापुढे जोडलेली खास नावे मिळालेले प्रवाळ साध्या प्रवाळांच्या दहा-वीस पट महाग असले तरी ती किंमत रास्तच आहे, असे त्यात म्हटले आहे. कारणे चार दिली आहेत. नाव म्हणजे अस्सल वंशाची खात्री. रंग जनुकांतच असल्यामुळे तो कोणाच्याही टँकमध्ये तसाच राहतो. तुकडे कापून विकले की वर्षभरात पैसे वसूल होतात. आणि अशा खरेदीमुळे समुद्रातले प्रवाळ वाचतात. माझ्या भाच्याचा टँक सुरू होऊन अजून वर्षही झालेले नाही. त्याने हा मजकूर मला पाठवला आणि चांगल्या दिव्यासाठी साठवलेले पैसे अशा एका तुकड्यावर घालावेत का, असे विचारले. नवशिक्याच्या मनात असा प्रश्न निर्माण करणारे लिखाण निरुपद्रवी मानता येत नाही, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे भाग आहे.

सर्वांत घातक दावा पैसे वसूल होण्याचा आहे, तेव्हा आधी तोच घेतो. प्रवाळ कापला की प्रत्येक तुकडा ही मूळ वसाहतीची, म्हणजे एकमेकांना जोडून वाढलेल्या चिमुकल्या प्राण्यांच्या समूहाची, जनुकीय प्रत असते आणि पाणी व प्रकाश मानवला की ती प्रत पुन्हा वाढू लागते. या छंदातली सारी देवघेव याच गुणावर चालते आणि किंमत टिकून राहण्याची आशाही याच गुणामुळे फोल ठरते. एका तुकड्याचे वर्षाला चार तुकडे होतात, असे हा मजकूरच सांगतो. तेच गणित पुढे नेले तर पाच वर्षांत एकाचे १,०२४ तुकडे होतात. कोणी म्हणेल की इतके जगत नाहीत. ठीक आहे, दरवर्षी केवळ दुप्पट होतात असे धरू; तरीही पाच वर्षांत एकाचे ३२ होतात, आणि पहिल्या वर्षी शंभर जणांनी एकेक तुकडा घेतला असेल तर तोच प्रवाळ ३,२०० ठिकाणी पोहोचतो. त्या वेगाने नवे खरेदीदार येत नाहीत. महाग नावांच्या बाबतीत हेच घडत आले आहे. ज्या बाउन्स मशरूमच्या एका नगाला एके काळी हजाराहून जास्त डॉलर मोजले जात, त्याचे साधे प्रकार आज त्या रकमेच्या लहानशा हिश्श्यात मिळतात. पैसे झाले ते पहिल्या काही महिन्यांत विकणाऱ्यांचे. नंतर चढ्या भावाने घेणाऱ्यांच्या हाती उतरता भाव आला.

संथ वाढणाऱ्या प्रवाळांचा भाव अधिक काळ टिकतो, हे मात्र मान्य करावे लागेल. परंतु संथ वाढ याचा अर्थ विकायला तुकडेही उशिरा मिळणार असा होतो, आणि मग ‘वर्षभरात वसुली’ हे वाक्य त्या प्रवाळांना लागूच पडत नाही. शिवाय भाव चढतो तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा नावाबाहेरचे असते. २०१८ मध्ये इंडोनेशियाने प्रवाळांची निर्यात थांबवली तेव्हा तिथून येणारे टॉर्च प्रकारचे प्रवाळ, खास नाव असो वा नसो, महागले, आणि २०२० मध्ये ती निर्यात पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या देशाच्या एका आदेशावर वरखाली होणाऱ्या भावाला वंशाच्या मोलाचा पुरावा म्हणून पुढे करणे चुकीचे आहे.

या हिशेबात मृत्यूचा रकानाच नाही, याचा मला सर्वाधिक राग येतो. अ‍ॅक्रोपोराच्या उती झपाट्याने गळण्याचा प्रकार सुरू झाला की सायंकाळी धडधाकट दिसणारा तुकडा दुसऱ्या दिवशी पांढरा सांगाडा होऊन बसलेला असू शकतो. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) अचानक वरखाली होणे, हीटर बिघडणे, नव्या तुकड्याबरोबर अ‍ॅक्रोपोरा खाणारे चपटे कृमी येणे, यांपैकी काहीही त्यासाठी पुरते. नव्या टँकमध्ये हे सारे जुन्या टँकपेक्षा जास्त वेळा घडते, आणि हा मजकूर मात्र नेमका नव्यांनाच उद्देशून लिहिलेला आहे.

त्यातला घरी तुकडे करण्याचा सल्ला तर केवळ खिशाला नव्हे, जिवाला धोका आहे. महाग नावांच्या यादीत झोअँथिडची, म्हणजे दगडावर गुंड्यांसारख्या पसरणाऱ्या प्रवाळसदृश प्राण्यांची, भरपूर नावे आहेत, आणि काही झोअँथिडांमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे निसर्गातल्या अतितीव्र विषांपैकी एक असते. हवाईतल्या पॅलिथोआपासून ते १९७१ मध्ये वेगळे काढण्यात आले. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने अलास्कामधल्या २०१२ ते २०१४ या काळातल्या घटनांचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात घरांत आणि मत्स्यालयाच्या दुकानांत झोअँथिड हाताळताना श्वासावाटे हे विष गेल्याचा संशय असलेले रुग्ण नोंदवले आहेत. तोंडात कडवट, धातूसारखी चव, ताप, खोकला, अंगदुखी अशी त्यांची लक्षणे होती. हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा न घालता झोअँथिड कापू नये, आणि ते चिकटलेला दगड गरम पाण्यात किंवा वाफेखाली कदापि धरू नये. कापून विकण्याचा सल्ला देणाऱ्याने यातले एक अक्षरही लिहू नये, हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे.

आता रंगाचा दावा. यात अर्धे सत्य आहे आणि ते मला नाइलाजाने का होईना मान्य करावे लागते. साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने २०१५ मध्ये ‘मॉलिक्युलर इकॉलॉजी’ या नियतकालिकात अ‍ॅक्रोपोरा मिलेपोरा या प्रजातीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच प्रजातीतल्या काही वसाहती गडद लाल आणि काही फिक्या का असतात, हा त्यांचा प्रश्न होता. लाल फ्लुरोसंट (प्रकाश शोषून वेगळ्या रंगात चमकणारे) प्रथिन तयार करणाऱ्या जनुकाच्या विशिष्ट प्रकारच्या प्रती ज्या वसाहतीत जास्त, तिच्यात तो रंगही जास्त, असे त्यांना आढळले. तेव्हा दोन तुकड्यांमधला फरक जन्मजात असू शकतो आणि चांगल्या वंशाला काही अर्थ आहे, इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष असा की या जनुकाचे काम प्रकाशाच्या तीव्रतेनुसार वाढते वा कमी होते. जनुके रंगाची खालची आणि वरची मर्यादा ठरवतात. त्या मर्यादांमध्ये रंग कुठे राहील हे प्रकाश ठरवतो. दिव्याचे पैसे तुकड्यावर घालू पाहणाऱ्यासाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. मंद दिव्याखाली तो महाग तुकडा आपल्या रंगाच्या खालच्या मर्यादेवर राहील, आणि पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट वाढून प्रवाळाच्या पेशींतली सहजीवी शैवाले दाटली की उरलासुरला रंगही त्या तपकिरी छटेत बुडेल.

त्यातून छायाचित्रांचा प्रश्न उरतोच. ही चित्रे बहुधा ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या गडद निळ्या एलईडीखाली, भिंगापुढे पिवळी किंवा नारिंगी काच धरून काढलेली असतात. असा एक तुकडा प्रत्यक्ष पाहावा. निळ्या दिव्यात त्याचे पॉलिप, म्हणजे वसाहतीतले एकेक चिमुकले प्राणी, हिरवे पेटल्यासारखे दिसतात आणि टोके जांभळी भासतात. तोच पांढऱ्या प्रकाशात आणला की फांदी मातकट तपकिरी, टोकाला थोडासा निळसर रंग आणि बुडाशी, जिथे तो प्लगला, म्हणजे छोट्या बैठकीला, चिकटवला आहे, कापल्याची पांढरी कड. फ्लुरोसन्स खरा असतो, चित्र अगदीच बनावट नसते. पण खरेदीदाराला एकाच दिव्याखालचे दृश्य दाखवून त्याच्याकडून सर्व दिव्यांखालच्या सौंदर्याची किंमत घेतली जाते.

नावाच्या अस्सलपणाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्या दाव्याला आधारच नाही. ऑर्किडच्या संकरांची आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे आणि ती ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी सांभाळते. प्रवाळांच्या या व्यापारी नावांसाठी अशी सर्वमान्य नोंद नाही. एकच प्रवाळ दोन विक्रेते दोन नावांनी विकू शकतात आणि कालच समुद्रातून आलेल्या वसाहतीला आज नवे नाव मिळू शकते. नुसते डोळ्यांनी पाहून वंश सिद्ध होत नाही.

समुद्रातले प्रवाळ वाचवण्याच्या मुद्द्यात तथ्य आहे ते एवढेच की टँकमध्ये वाढवलेला तुकडा घेतला तर नवी वसाहत समुद्रातून तोडावी लागत नाही. मात्र हा फायदा वाढवण्याचा आहे, नावाचा नाही. बिननावाच्या स्वस्त तुकड्यानेही तो तेवढाच होतो. उलट विलक्षण रंगांना प्रचंड भाव मिळू लागला की समुद्रात तसे रंग शोधत फिरण्याचा मोह वाढतो. दगडी (कठीण सांगाड्याच्या) प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो आणि परवान्यावर प्राणी कोणत्या स्रोतातून आला याचा संकेत लिहावा लागतो. जंगली म्हणजे ‘डब्ल्यू’, बंदिस्त जागेत जन्मलेला म्हणजे ‘एफ’. ज्याला खरोखर समुद्राची काळजी आहे त्याने आयात केलेल्या प्रवाळाबाबत हा संकेत विचारावा.

एखादा रंग मनापासून आवडला आणि गेलेला पैसा परत येणार नाही हे स्वीकारले, तर महाग तुकडा घेण्यात काहीही गैर नाही. मात्र आधी पांढऱ्या प्रकाशातले चित्र मागावे, मूळ वसाहत दाखवण्यास सांगावे, आणि तुकडा कापून किती दिवस झाले हे त्याच्या बुडाकडे पाहून ताडावे: उती प्लगवर पसरून कडेपर्यंत आल्या असतील तर तो स्थिरावला आहे, आणि पांढरी कड ताजी दिसत असेल तर तो अजून तगायचा आहे.